पाय वर होईपर्यंत

“हे गियाँ-बारे सिंड्रोम आहे,” न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “पायातली ताकद गेल्याचं पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?”

मला सांगता येईना. उत्तर दिलं डॉरथीने. “काल, गुरुवारी, साडेआठच्या सुमाराला. तिचा पाय वर झाला नाही.”

डॉरथी ही आमच्या नेपरव्हिलमध्ये शाळेची बस चालवणारी बाई. फावल्या वेळात फिडल वाजवायची. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त नीट न शिकता वाजवलेलं. माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, आजाराची वेळ या बाईला ठाऊक होती आणि वीस वर्षं संसार केलेल्या मला नव्हती. मला राग आला, तोही डॉरथीचाच.

पाय वर होण्याची भानगड आधी सांगतो. दर गुरुवारी संध्याकाळी एका चर्चच्या तळघरात ही मंडळी खुर्च्यांचं कोंडाळं करून बसायची. तीन-चार बँजो, दोन फिडल, एखादी गिटार. आपल्या वरातीत वाजतो तो बेंजो निराळा. हा लांब दांड्याचा, गोल पोटावर कातडं ताणलेला. एक धून घ्यायची आणि तीच पंधरा पंधरा मिनिटं दळत बसायची. आलाप नाही, विस्तार नाही, काही नाही. आणि थांबायचं कसं? तर ज्याने धून मागितली त्याने शेवटच्या फेरीला एक पाय पुढे उचलायचा. हात वाजवण्यात गुंतलेले, म्हणून पाय. तो दिसला की सगळे एकदम थांबतात. दुसऱ्या कोणी पाय उचलायचा नाही, हा त्यांचा नियम.

मी आठ वर्षं तबला शिकलेला माणूस. आमच्याकडे शेवट तिहाईने होतो. त्याला हिशेब लागतो, डोकं लागतं. यांच्याकडे पाय.

सुलभाने एका गराज सेलमध्ये जुना बँजो उचलला आणि तिथे जायला लागली. मी एकदाच गेलो होतो. वॉल्ट नावाचा, घरं गरम ठेवणारे फर्नेस दुरुस्त करणारा गृहस्थ, स्वेटरभर कुत्र्याचे केस, माझ्या बायकोला अंगठा कसा धरायचा ते शिकवत होता. त्याचा स्वतःचा बँजो सुरात नव्हता. मी पुन्हा गेलो नाही.

मंगळवारी सुलभा म्हणाली होती की पायाला मुंग्या येताहेत. “बूट बदल,” मी म्हणालो. बुधवारी ती जिना कठड्याला धरून चढली. मी म्हणालो, “त्या गारठलेल्या तळघरात बसल्यावर दुसरं काय होणार?” गुरुवारी तिने धून मागितली आणि शेवटी पाय उचलायला गेली तर पाय उचलेना. बाकीच्यांना वाटलं, हिला अजून वाजवायचंय. ते वाजवत राहिले. डॉरथीला तिचा चेहरा दिसला. तिने फिडल खाली ठेवलं, वॉल्टने सुलभाला उचलून गाडीत घातलं आणि दोघांनी तिला तडक इमर्जन्सीत नेलं. मी तेव्हा घरी टीव्ही पाहत होतो.

ज्यांच्या घरी हे उद्या होईल त्यांच्यासाठी लिहितो. गियाँ-बारे म्हणजे शरीराचं स्वतःचं संरक्षक सैन्य चुकून आपल्याच नसांवरचं आवरण खाऊ लागतं. बहुतेकदा सुरुवात पायांपासून होते आणि मग ते वर चढतं. मुंग्या आणि अशक्तपणा वर सरकत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बूट बदलत बसू नका.

लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुईने पाणी काढून तपासलं. मग प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे रक्त बाहेर काढून त्यातला द्रव बदलायचा आणि परत आत सोडायचं. दिवसाआड, पाच वेळा. खरी भीती श्वासाची होती. नर्स दर चार तासांनी एका श्वासात आकडे म्हणायला लावायची. सुलभा मराठीत म्हणायची, नर्सला काही कळायचं नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघायची. पहिल्या दिवशी तेवीस. सहाव्या दिवशी अकरा. “दहाच्या खाली गेलं तर व्हेंटिलेटर लावावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती दहावर अडली. मग बारा झाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

आमची मराठी मंडळी आली. खीर, पुलाव, आणि प्रत्येकाचा एकेक सल्ला. एका काकूंनी तर कॉरिडॉरमध्येच विचारलं, “या वयात बँजो वगैरे, स्ट्रेन आला असेल का हो?” पंधरा दिवसांनी फोनही थांबले. मीही कोणाच्या आजारपणात याहून जास्त केलेलं नाही, तेव्हा बोलणार काय.

ते तळघरवाले मात्र येतच राहिले. सुलभाला रिहॅब हॉस्पिटलमध्ये हलवल्यावर त्यांनी तिथल्या डे रूमची परवानगीच काढली. दर गुरुवारी बर्फाचे बूट दारात काढून, ओले मोजे घालून, कोंडाळं हजर. सुलभाच्या हातांत अजून जोर नव्हता, उजवा गाल हलत नव्हता. बँजो धरणं शक्यच नव्हतं. डॉरथी म्हणाली, “यू कॉल द ट्यून.” सुलभाने एका धुनेचं नाव घेतलं.

आता बघा काय झालं. धून तिने मागितली, म्हणजे थांबवायचीही तिनेच. आणि तिचा पाय तर लाकडाच्या ओंडक्यासारखा व्हीलचेअरच्या पायरीवर पडलेला. हे त्या शहाण्यांच्या लक्षात यायला हवं होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ते वाजवताहेत आणि सगळे तिच्या पायाकडे बघताहेत. वॉल्टच्या कपाळावर घाम. सुलभाने ओठ आवळलेले. लुळ्या बाईची ही जाहीर परीक्षा मला बघवेना. मी वाकलो, तिचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि उचलून दाखवला.

सगळे एकदम थांबले. वॉल्टने बँजो पेटीत ठेवला. मला वाटलं, बरं झालं, अक्कल आली.

“तुम्ही कशाला उचललात?” सुलभा म्हणाली.

“अगं, ते थांबतच नव्हते. काही सेन्सच नाहीये त्यांना.”

“ते माझ्या पायाची वाट बघत होते,” ती म्हणाली. “मांडीत आत काहीतरी हललं होतं. मला कळलं होतं. पुढच्या गुरुवारी तुम्ही येऊ नका.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी न्यूरॉलॉजिस्टना विचारलं. ते म्हणाले, “चालेल ती, बहुतेक. केव्हा, ते सांगता येत नाही. पायात पूर्ण ताकद येईल की नाही, तेही नाही. पण तिला सगळं कळतं, हे विसरू नका.”

गुरुवारी मी घरी बसलो. बेसमेंटमधून तबला काढला. दहा वर्षांत त्याला हात लावला नव्हता, कारण इथे माझ्या तोडीचं कोणी भेटलं नाही, असं मी सांगत असे. शाई तडकली होती. खरं म्हणजे मला कोणी बोलावलंही नव्हतं, आणि मी कोणाला बोलावलं नव्हतं. सुलभासाठी जशी सहा-सात माणसं ओले मोजे घालून आली तसं माझ्यासाठी कोण आलं असतं, याचा विचार केला. एकाचंही नाव आठवलं नाही.

फिजिओथेरपिस्टकडून मी तिचा पाय हलवायचा व्यायाम शिकलो. रोज सकाळी, त्यांनी सांगितला तेवढाच. एकदा तो करताना मी सुलभाला म्हणालो, “चुकलं माझं त्या दिवशी.” ती म्हणाली, “या गुरुवारी या. पण हात मांडीवर ठेवून बसा.”

तसा बसलो. त्या गुरुवारी पाय उचलला गेला नाही. शेवटी बंद करायची वेळ झाल्याचं सांगायला नर्स आली तेव्हाच ते थांबले. पुढच्या गुरुवारीही तेच. धून तीच, वॉल्ट तसाच बेसूर, डॉरथीचा ताल थोडा पुढे पळणारा. मी मान खाली घालून सहन करत होतो. अशा वेळी घड्याळाकडे बघून उपयोग नसतो.

सातव्या आठवड्यात, अशीच ती धून चालू असताना खोली अचानक शांत झाली. त्या शांततेत टकटक ऐकू येत होती. ती माझी बोटं होती. मांडीवर ठेका चालला होता, किती वेळ कोण जाणे, आणि मी चार मात्रा एकटाच पुढे गेलो होतो.

मी वर पाहिलं. सुलभाचा बूट पायरीपासून इंचभर वर होता आणि थरथरत होता.

“यू मिस्ड द फूट,” डॉरथी मला म्हणाली.

वॉल्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते कुत्र्याचे केस लागलेल्या बाहीने पुसत होता. सुलभा हसली. डाव्या बाजूनेच, पण पोटभर. “परत घ्या,” ती मला मराठीत म्हणाली. “ह्या वेळी बघून.”

सुलभा आता काठी घेऊन चालते. जिना अजून कठड्याला धरूनच चढते. त्या लोकांचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत. त्यात वॉल्ट अजूनही बँजो सुरात लावत नाही. दर गुरुवारी मी तिला तळघरात ड्राइव्ह करून नेतो, कोंडाळ्यात खुर्ची ओढतो, तबला मांडतो. वाजवताना माझी नजर तिच्या पायावरून हलत नाही.