न पाहिलेल्या बॅटनची साक्ष

हे मी सुमनला सांगितले नाही — आणि सुमन माझ्याबरोबर एकावन्न वर्षे संसार करून गेली. मुलाला सांगितले नाही. संघातल्या ज्या तिघांना सांगणे माझे कर्तव्य होते, त्यांतला एकही आता उरलेला नाही. तेव्हा ऐकणारे पहिले तुम्हीच. तुम्हीच का? — कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखणाऱ्यांसमोर माझी मान अजून फार ताठ आहे.

ती ताठ का आहे, तेही आधी ऐकून घ्या. मी पत्रे लिहितो. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या वसाहतीच्या कमिटीने गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी केली, तेव्हा त्यांच्याच नियमावलीतले कलम, त्या कलमाखालची टीप आणि त्या टिपेतली पळवाट त्यांच्यासमोर मांडून मी ती बंदी मागे घ्यायला लावली. टाउनशिपची कचेरी, विमा कंपनी, विमान कंपनी — माझे पत्र ज्यांच्या दप्तरात नाही असे थोडेच. मुलगा वैतागतो. "बाबा, सोडा ना आता. इट्स जस्ट अ टॉवेल!" टॉवेल? प्रश्न टॉवेलाचा कधीच नव्हता! लिहिलेल्या शब्दाला जो बांधील नाही त्याने सही करू नये, हे वाक्य मी आजवर किती पत्रांत लिहिले असेल, सांगता येणार नाही.

आता ते मला लागू करायचे आहे.

मी विशीत होतो; पुण्यात कायद्याच्या पहिल्या वर्षाला. युरोपातल्या एका शहरात निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांची मैदानी स्पर्धा भरली होती, आणि चार गुणिले चारशे मीटरच्या रिलेत भारताचा पहिला धावणारा मी होतो. हे लिहिताना आज, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही छाती भरून येते — आणि ती भरून येण्याचा मला हक्क आहे, हा मुद्दा मी सोडणार नाही. आम्ही बोटीने गेलो. डेकवर सराव करायचो आणि खलाशांची बोलणी खायचो. माझे काट्यांचे बूट एका मित्राकडून मागून आणलेले, बोटभर मोठे. पुढे कापूस कोंबलेला. दुसरा धावणारा वामन — नागपूरचा, शेतकी कॉलेजातला, मला 'वकीलसाहेब' म्हणणारा. उरलेले दोघे पंजाबातले. चौघांत मिळून एक गरम कोट होता, आणि छातीवर तिरंगा प्रत्येकाच्या.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मी कोल्हापुरात, वडिलांच्या तालमीत वाढलो. कुस्ती झाली की आखाड्याच्या मातीला कपाळ टेकवायचे, ही तिथली रीत. धावायला लागलो तरी ती सुटली नाही. त्या परक्या मैदानावर माती नव्हती. कोळशाच्या राखेची काळी, बारीक खडी होती. मला चालली.

अंतिम शर्यत. पहिला फेरा मी धावलो — तसा पुन्हा आयुष्यात धावलो नाही. बॅटन हातातून हातात देण्यासाठी वीस मीटरांचा पट्टा आखलेला असतो. त्याबाहेर दिले की अख्खा संघ बाद. मी वामनला पट्ट्याच्या ऐन मध्यावर बॅटन दिले. शेजारच्या आखलेल्या रांगेत युगोस्लाव्हियाचा मुलगा माझ्या अर्धे पाऊल मागे होता. त्याने आपले बॅटन कुठे दिले? आत? बाहेर? मी त्या क्षणी—

नाही, क्रमाने सांगतो.

शर्यतीत ते तिसरे आले आणि आम्ही चौथे. अंतर छातीएवढे. वामन गवतावर उताणा पडून रडत होता. तेवढ्यात आमच्यात कुणीतरी म्हणाले — कोण, ते मला आजही आठवत नाही — की त्यांचे बॅटन पहिल्याच बदलीत पट्ट्याबाहेर गेले असे वाटते. वाटते! संघात नियमपुस्तिका वाचलेला मी एकटा. निकाल पुकारल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लेखी हरकत, आणि खाली ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याची सही. वामनने डोळे पुसले.

"पाय तर हरले, वकीलसाहेब. आता तुमचा पेन पळवा ना जी!"

मी पळवला. इंग्रजीत दीड पान. ते माझ्या आयुष्यातले पहिले हरकतपत्र, आणि — लाज वाटते, पण खरे तेच सांगतो — त्याच्या बांधणीचा मला अजून अभिमान आहे. कलमाचा क्रमांक अचूक, पट्ट्याचे माप अचूक, एकही शब्द चढा नाही. फक्त एक वाक्य होते: 'हे मी दोन हातांच्या अंतरावरून स्वतः पाहिले.'

पंचमंडळात तिघे होते. त्यांनी आधी पट्ट्यावर उभ्या असलेल्या पंचाला विचारले. तो तिथल्याच विद्यापीठातला कोवळा विद्यार्थी. म्हणाला, बॅटन आत होते असे वाटते, पण शपथेवर सांगता येणार नाही. मग मला एकच प्रश्न आला: तू स्वतः पाहिलेस?

पाहिले, मी म्हणालो.

त्या मुलाला शंका होती. मला नव्हती. कुठून असणार? शंका यायलाही थोडेतरी पाहिलेले असावे लागते. मी काहीच पाहिले नव्हते. बॅटन वामनच्या हाती पडताच मी दोन पावलांत थांबलो होतो, आपल्याच रांगेत गुडघे टेकले होते आणि कपाळ त्या खडीला लावून डोळे मिटले होते. शेजारून कोण गेले, काय गेले, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हते.

युगोस्लाव्हियाचा संघ बाद झाला. कांस्यपदके आम्हाला मिळाली.

बाहेरच्या बोळात तो शेजारच्या रांगेतला मुलगा भेटला. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. तो भांडला नाही. माझ्या कपाळाकडे त्याने बराच वेळ पाहिले, मग स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवले आणि निघून गेला. मी हात फिरवला तर बोटांना काळी राख लागली. तो माझ्या शेजारीच होता — मी जमिनीकडे तोंड करून होतो, हे त्याने पाहिले होते. मी तिघा पंचांसमोर साक्ष देत होतो तेव्हा ती खोटी असल्याचा पुरावा माझ्याच कपाळावर होता, आणि तो वाचता येणारा माणूस दाराबाहेर उभा ठेवला होता.

बॅटन कदाचित खरोखरच बाहेर गेले असेल — हा युक्तिवाद मी साठाहून अधिक वर्षे स्वतःपुढे करत आलो. एखाद्या अशिलाने माझ्यापुढे केला असता, तर मी त्याला दार दाखवले असते. माफीचे पत्र लिहिता आले असते का? त्या मुलाचे नाव निकालपत्रकात छापलेले होते. पत्ता शोधता आला असता. लोकांचे पत्ते हुडकण्यात मी हयात घालवली आहे. नाही लिहिले. वामनने पदक नागपुरात काचेत लावले. नातवंडांना सांगे, वकीलसाहेबांनी न्याय मिळवून दिला. एकदा खरे सांगायचे ठरवून मी त्याच्या घरी गेलो, पोटभर जेवलो आणि परत आलो.

मग आज का? नातीमुळे. ईरा ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकते, आणि चारशे मीटर अशी धावते की पाहणाऱ्याने उभेच राहावे. या वसंतात तिची रिले पाहायला मी गेलो होतो. तिचा संघ बाद झाला — पट्ट्याबाहेर बदली. मी संतापाने पेटलो. तिथेच, स्टँडमध्ये बसून हरकतीचा मसुदा सुरू केला. ती धापा टाकत आली.

"आजोबा, लिहा ना की तुम्ही पाहिलं. यू वेअर राइट देअर!"

"नाही पाहिलं. थर्मासमधून चहा ओतत होतो."

"सो व्हॉट? आय नो वुई वेअर इन!"

"मग तू लिही, काय ते. मी न पाहिलेलं लिहीत नाही."

ती रागावेल असे वाटले होते, पण तिने मला मिठी मारली आणि मैत्रिणींकडे वळून म्हणाली, धिस मॅन हॅज नेव्हर साइन्ड अ लाय इन हिज लाइफ. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि मी — मी मान डोलावली. टोपी सारखी केली. हसलो. वीस वर्षांचा असताना खोटे लिहिले, ते पदकासाठी. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्याच खोट्यावर टाळ्या घेतल्या — कशासाठी?

म्हणून दुरुस्त निवेदन करतो. त्या दिवशी, त्या शर्यतीत, पहिल्या बदलीच्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. मी काही पाहिले नाही. पाहिले असे लिहिले, पाहिले असे बोललो, आणि खाली सही केली. मला कुणी भाग पाडले नव्हते. नियम मला पाठ होता.

इथवर लिहून झाल्यावर याची एक प्रत ईराला सर्टिफाइड टपालाने पाठवली. पोहोचपावती मंगळवारी परत आली. तिच्यावर तिची सही आहे. उत्तर आलेले नाही. मी ते मागितलेलेही नव्हते.