किल्ली ओळंब्याच्या गळ्यात

आमच्या तारा ओढणाऱ्या टोळीच्या मुकादमाला सगळे ओळंबा म्हणत. खांब तिरका दिसला की तो जेवण सोडून उठायचा. कोणी म्हटलं, "बोल्ट घट्ट बसलाय, हाताला कळतंय," की तो म्हणायचा, "हात दमला की खोटं बोलतो. पान्याला विचार." मग मापाचा पाना लावायचा; बोल्ट पुरता आवळला की तो टक वाजतो. पान्याने टक केलं तरच काम झालं. त्याच्याबद्दल सांगायचं तर नदीवरच्या लाइनीचा दिवस सांगावा लागेल.

नदी म्हणजे सरहद्द. अलीकडे आमची सौर पॅनेलं, पलीकडे त्यांच्या पवनचक्क्या. दुपारी आमची वीज वाया जायची आणि दिवस मावळला की गावात अंधार. त्यांचा वारा नेमका संध्याकाळी उठायचा. आता दोन्हीकडच्या कंट्रोल रूममधली यंत्रणा आपसात विचारून वीज देणार-घेणार होती. पण यंत्रणा कितीही हुशार असली तरी मध्ये तार लागते आणि ती ओढायला माणूस लागतो.

ओळंब्याला ही वीज सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती. त्याच्या बायकोचं डायलिसिस संध्याकाळच्या पाळीत असे. वीज गेली की जनरेटर उठेपर्यंत नर्स मशीनचा पंप हाताने फिरवायची. वहिनी म्हणायच्या, "माझं रक्त बाहेर आणि ती पोरगी घामाघूम. तिच्याकडे बघू की छताकडे?" हे तो आम्हाला हसत सांगायचा. आम्ही हसायचो नाही.

पलीकडच्या टोळीचा मुकादम आणि ओळंबा रोज फोनवर बोलत. दोन घरच्या तारा जुळवायच्या म्हणून एकमेकांना व्याही म्हणू लागले.

"व्याही, उशीर का? रुसलात की काय?"

"रुसायचा मान वरपक्षाचा. आम्ही बोल्ट आवळतोय," ओळंबा म्हणायचा.

लाइनीत तीन तारा. पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरीच लागली पाहिजे. उलटसुलट झालं तर चालू करताच दोन्हीकडची यंत्रं जळतील. ठरलं होतं, नदीकडे तोंड केल्यावर डावी ती पहिली. दोन्ही टोळ्यांनी तसंच जोडलं.

काम चालू असेपर्यंत स्विचला दोन कुलपं असत, एक आमचं, एक त्यांचं. आमची किल्ली ओळंब्याच्या गळ्यात. शेवटचा माणूस खाली उतरला की ती इंजिनिअर बाईंकडे जायची. त्या दिवशी आम्ही उतरलो, मी कमरेचा पट्टा सोडला, पाणी प्यायलो. वहिनी एव्हाना दवाखान्याच्या वाटेवर असतील.

ओळंब्याने एका हाताने गळ्यातला दोरा काढता काढता दुसऱ्या हाताने पलीकडच्या व्याह्याला खूण केली. उजवा हात. व्याह्यानेही उजवा हात वर केला.

ओळंब्याचा हात वरच राहिला. त्याचा हात नदीच्या खालच्या अंगाच्या पुलाकडे होता, व्याह्याचा वरच्या अंगाच्या धरणाकडे.

"बाई," तो म्हणाला, "आमची डावी ती त्यांची उजवी."

बाई किल्लीसाठी हात पुढे करून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हात मागे घेतला. "मधली बरोबर लागली," त्या हळू म्हणाल्या. "यंत्रणा जुळणी तपासते ती मधल्याच तारेवर. तिने बिनदिक्कत हो म्हटलं असतं. आणि ठरवताना मीही होते."

ओळंब्याने दोरा परत गळ्यात घातला आणि फोन लावला.

"व्याही, पहिली कुठली धरलीत?"

"डावी. ठरलं तशी."

"कुणाची डावी?"

पलीकडे व्याह्याने मान वर करून तारा पाहिल्या. मग आवाज आला, "मांडवात पोरी बदलल्या की हो."

"वरपक्षाने बसून राहावं. आम्ही चढतो."

सोडणं जोडण्यापेक्षा जड जातं, त्यातून नुकतं आवळलेलं. कडेचे दोन्ही जोड सुटून जागा बदलेपर्यंत माझे दंड भरून आले होते. उन्हं उतरली होती. शेवटच्या बोल्टाला मी म्हटलं, "बसलाय. सोड आता, वहिनींना मशीन लावलं असेल."

ओळंब्याने पाना पुढे केला. मी जोर लावला. टक झालं नाही. पुन्हा लावला, पायावर भार देऊन. टक.

खाली आल्यावर बाईंनी तिन्ही तारा मीटरने तपासल्या, पलीकडच्यांनीही तपासल्या. मग ओळंब्याने बाईंना किल्ली दिली, दोन्ही कुलपं निघाली. स्विच पडला. ना ठिणगी, ना धूर. नुसती गुणगुण. दिवस मावळला तरी गावातले दिवे लागलेलेच राहिले.

वहिनींची डायलिसिसची पाळी संपल्यावर ओळंब्याने घरी फोन लावला. मी शेजारीच होतो.

"आज काय झालं?"

"काही नाही झालं," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. पोरगी खुर्चीत बसून विणत होती. मला झोप लागली. तुम्ही जेवलात का?"

"जेवतो," म्हणाला आणि तिथेच खडीवर बसला. पाठ खांबाला टेकलेली, पाय पसरलेले, मान एका बाजूला. चांगलाच तिरका बसला होता. आम्ही कोणी त्याला सरळ केलं नाही.