गार्डकाकांचा सत्कार

गार्डकाका पाणी प्यायचे नाहीत. घरी पीत असतील; पण होळीच्या सुमाराला टेकडी चढताना, आम्हा बाकीच्यांच्या बाटल्या निम्म्या वाटेतच संपलेल्या असताना, ते कोरड्या ओठांनी शांतपणे चालत असायचे. त्यांच्या पिशवीतही बाटली असे, पण ती आमच्यासाठी. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "पोहोचलं की पितो." पोहोचल्यावरसुद्धा अर्धा ग्लास ताक, तेही मन राखायला घेतल्यासारखं.

आमची टोळी रविवारी फिरायला जाणारी. थंडी ओसरली की सुरू करायचं आणि ऊन अगदीच सोसेनासं होईपर्यंत चालू ठेवायचं, असा शिरस्ता. कधी धायरीच्या मागच्या टेकड्या, कधी लोणी काळभोरच्या बाजूचं माळरान. पानं झडलेली काटेसावर लाल झालेली असते, पळस पेटलेला असतो, करवंदीच्या जाळीवरून जाताना वास येतो. हे सगळं आम्ही मनापासून बघायचो, पण खरं ओढून न्यायचं ते दुपारचं जेवण. हायवेवरचं एखादं गार्डन रेस्टॉरंट, चार टेबलं जोडलेली, वर शेडनेट. पुरुषमंडळी थंड बिअर मागवायची आणि स्टीलच्या ग्लासांतून प्यायची, कारण शेजारी कोणी पेठेतलं निघालं तर उगाच चर्चा. पुण्यात चार माणसं एकत्र चालायला लागली की त्यांना अध्यक्ष लागतो. तसे आम्हालाही होते. बोलायला उभे राहिले की जेवण थंड व्हायचं.

काकांचं हे नाव पडलं ते त्यांच्याच एका उत्तरामुळे. तुम्ही नेहमी शेवटीच का चालता, असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, "गार्ड कुठल्या डब्यात असतो?" विषय संपला. नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्यात केली होती, पण त्या दिवसापासून आमच्या लेखी ते रेल्वेत गेले. वळण आलं की मागून त्यांची शिट्टी ऐकू यायची, म्हणजे सगळे आले, चला. आमच्यातले काही जण शर्यत लावल्यासारखे पुढे पळायचे. त्यांना काका म्हणायचे, "सावकाश. टेकडी बदली होऊन जात नाहीये."

मागून दुसरा नंबर माझा. माझं वजन आणि माझा दम यांचं चढावर कधी पटलं नाही. मी फुलांचे फोटो काढायच्या निमित्ताने थांबायची. एकाच पळसाचे इतके फोटो कोणाला लागतात, हे काकांना कळत नसेल असं नाही. पण तेही थांबायचे. "तुमचं चालू द्या, ताई. मी जरा पलीकडून बघून येतो," म्हणत एखाद्या झुडपाआड, खडकामागे जायचे, आणि परत येईपर्यंत माझा श्वास जागेवर आलेला असायचा. केवढं हे सौजन्य, असं मला दर वेळी वाटायचं. घरी यजमानांना सांगितलंही होतं की असा माणूस आता मिळत नाही.

जेवायला बसतानाही त्यांची खुर्ची कडेची, दाराजवळची. मधली जागा दिली तर हात जोडायचे. आम्ही त्याचाही अर्थ लावून ठेवला होता. हा माणूस चालताना शेवटी, बसताना शेवटी, मागणं काही नाही. हळूहळू आमच्या बोलण्यात ते संतपदाला पोहोचले. काका ऐकून नुसते मान खाली घालायचे, आणि आम्ही तो विनय समजायचो.

मागच्या वर्षी अध्यक्षांच्या मनात आलं की काकांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, सगळं यथासांग. काकांना आधी सांगायचं नाही असं ठरलं. सकाळी लोणी काळभोरच्या बाजूला भरपूर चाललो, दुपारी नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये शिरलो, तर मधोमध चादर घातलेली सोफ्याची खुर्ची. काकांचे दोन्ही दंड धरून त्यांना तिथे बसवलं. पुढे टेबल, दोन्हीकडे माणसं, मागे भिंत. मी त्यांच्या शेजारी. ते एकदा अर्धवट उठले, "आलोच जरा, हात धुऊन," म्हणाले. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं. म्हणाले, आज पळून जाता येणार नाही.

मग भाषण झालं. पुणेकरांना जन्मभर पाणी पाजणारा हा माणूस, स्वतः मात्र वाटेत एक थेंब घेत नाही. शेवटच्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून स्वतः शेवटचा होतो. वाक्यं चांगली होती. मध्येच पन्हं आलं. आज आमच्या हातून प्यायचंच, असा सगळ्यांनी धोशा लावला, आणि सत्कारमूर्तीला नाही म्हणता आलं नाही. एक ग्लास संपल्यावर कोणीतरी दुसरा भरला. काकांच्या कपाळाला घाम आला होता. मला वाटलं, गहिवरले.

भाषण संपल्यावर टाळ्यांच्या गजरात ते उठले. खांद्यावरची शाल त्यांनी काढली, कमरेला लुंगीसारखी गुंडाळली आणि डोक्यावर पगडी तशीच ठेवून, कोणाकडे न बघता चालू लागले. आम्ही खो खो हसलो. एवढ्या गंभीर सोहळ्यात काकांनी गंमत केली, असं सगळ्यांना वाटलं. फोटो निघाले. ते दाराबाहेर गेले, पगडी गल्ल्याशेजारी ठेवली आणि रिक्षा करून घरी गेले, हे आम्हाला भात वाढल्यावर कळलं.

टेबलं आवरायला आलेल्या वेटरने ती खुर्ची बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. चादर भिजली होती. मी म्हणाले, पन्हं सांडलं. तो चादर गोळा करून आत घेऊन गेला. मी तिथेच उभी राहिले आणि मला एकेक गोष्ट कळत गेली. झुडपं, खडक, दाराजवळची खुर्ची, न प्यायलेलं पाणी. कान तापले माझे. एवढी वर्षं एक माणूस आपली अडचण झाकत होता आणि आम्ही तिच्यावर टाळ्या वाजवत होतो.

त्याच संध्याकाळी काका व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. अध्यक्षांनी लिहिलं, सत्काराने संकोचले असतील, किती हा निर्मोहीपणा. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

पुढच्या आठवड्यात मी कसबा पेठेत त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, चहा टाकायला आत गेल्या. काका खिडकीशी बसले होते. काय बोलायचं ते मी रिक्षात ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी तेच म्हणाले, "तुम्ही शेजारी होतात. तुम्हाला कळलं असणार."

मी मान हलवली. हे वयाबरोबर होतंच, माझ्या वडिलांनाही होतं, असलं काहीतरी पुटपुटले.

"भिजलो त्याची लाज चार दिवसांत जाईल हो," ते म्हणाले. "भाषणाची जात नाही. मी मागे राहायचो ते माझ्या सोयीसाठी. तुम्ही फोटो काढायला थांबायच्या, म्हणून मला थांबता यायचं. तुम्हा लोकांना वाटलं मी तुम्हाला सांभाळतोय, आणि मी वाटू दिलं. गोड लागतं ते. कधी तरी सांगायला हवं होतं, पण मग शेवटी का चालतो तेही सांगावं लागलं असतं."

मी म्हणाले, काका, शिट्टी तर आमच्यासाठीच वाजवत होतात ना? कोणी मागे राहिलं नाही ना कधी? त्यांनी थोडा विचार केला, पण ते पटलेलं दिसलं नाही. चहा आला, आम्ही हवेवर बोललो. मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत आले आणि कठड्याला धरून म्हणाले, "एक काम करा माझं. ते भाषण खोडून टाका कसंतरी. मी तसा नव्हतो, एवढं सांगा त्यांना."

मी हो म्हणाले. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की कशाचा हो म्हणून बसले. ते तसे नव्हते हे सांगायचं तर कसे होते ते सांगावं लागणार, आणि त्यांनी आयुष्यात जपलेली एकच गोष्ट चारचौघांत टाकावी लागणार. काका दिवाळीच्या आधी गेले. तोपर्यंत मी दोनदा भेटले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

यंदा टोळीत नवी मंडळी आली आहेत. जेवण येईपर्यंत अध्यक्ष त्यांना गार्डकाकांची गोष्ट सांगतात, आणि ती दर रविवारी थोडी वाढते. परवा एका नव्या मुलीने, अगदी भारावून, मला विचारलं, "खरंच एक थेंबही पाणी प्यायचे नाहीत ते?"

मी ताटाकडे बघत म्हणाले, "नाही प्यायचे."