उघड्या तोंडाच्या पिशव्या

प्रयोगशाळेत त्यांना सगळे झाकणकाका म्हणत. ध्रुवाकडून आलेला बर्फ वितळवायचा आणि ते पाणी तपासणीसाठी बाटल्यांत भरायचं, ही त्यांची नोकरी. नव्या माणसाला पहिला धडा तेच देत. "हे बघ, पाण्यात थोडं जड पाणीही असतं. पिशवीचं तोंड उघडं राहिलं, की हलकं आधी पळतं, जड मागे राहतं. मग यंत्र म्हणतं, हा बर्फ उबदार हवेत पडलाय. म्हणून बंद पिशवीतच वितळवायचा. घाई करायची नाही."

अशा माणसाने त्या दुपारी पिशव्यांची तोंडं उघडली आणि त्या हीटरजवळ उभ्या केल्या. कारण सांगायलाही लाज वाटावी असं. निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवायला टाकला होता, आणि शिंपी दुकान लवकर बंद करणार होता. बंद पिशव्यांत बर्फ काही लवकर वितळेना. एकदाच तर आहे, असं मनाशी म्हणत काका निघाले. शिंप्याने गप्पांत अडकवलं. परत येऊन पाहतात तर पाणी चांगलंच कोमट झालेलं. त्यांनी ते मुकाट्याने बाटल्यांत भरलं आणि झाकणं मात्र सवयीने घट्ट लावली.

आकडे आले तेव्हा विभागप्रमुख बाईंनी तो बर्फ गोळा करून आणणाऱ्या मुलीला बोलावलं. काका तिथेच ट्रे घेऊन उभे होते.

"यातलं पाणी उडालंय. पिशव्या नीट बंद केल्या नव्हत्यास."

"केल्या होत्या, बाई. बोटं बधिर झाली होती, तरी पुन्हा पुन्हा तपासल्या."

"मग पाण्याला काय पंख फुटले? पुढच्या मोहिमेला तुला पाठवायचं की नाही, ते बघावं लागेल."

मुलगी वळली. "काका, तुम्हीच सांगा ना! तुम्ही शिकवलंत तशाच होत्या की नाही?"

"हो... घट्ट होत्या," काका पुटपुटले.

बाई हसल्या. "काका, तुमचं मन मोठं आहे. पण तिला पाठीशी घालू नका."

काकांना ट्रे जड झाला. ते बाहेर पडले.

घरी बायकोने कोट घालून बघायला लावला. "अगदी नवरदेव दिसताय हो!" काकांना तो कधी एकदा काढतो असं झालं.

"का हो, टोचतोय कुठे?"

"टोचतोय."

सकाळी ते बाईंच्या खोलीत गेले. मुलगी तिथेच होती. "पिशव्या घट्टच होत्या, बाई. मीच उघडल्या, हीटरपाशी. कोट आणायला जायचं होतं."

"कोट?" बाईंनी एवढंच विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बर्फ काही परत येणार नव्हता. मोहिमेला तूच जाशील, असं बाईंनी मुलीला तिथल्या तिथे सांगितलं. ती काकांकडे न बघता निघून गेली.

समारंभाला काका जुन्या स्वेटरमध्येच आले. कोणीतरी भाषणात झाकणांचं कौतुक केलं, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती मुलगी बाटल्या न्यायला आली. काकांनी झाकण लावून बाटली पुढे केली. तिने ते झाकण स्वतः पुन्हा एकदा पिळून पाहिलं. मग दुसऱ्या बाटलीचं. तिचं पाहून होईपर्यंत काका थांबत, आणि मग पुढची बाटली देत.