आळीनं दिलेली साक्ष

अंजूर सोडलं त्या सकाळी भिवंडीच्या रिक्षात बॅग मांडीवर घेऊन बसले, तेव्हा आईनं बाहेरून शेवटचं बजावलं, "इचारतील ते खरं खरं सांग, बाय. आपुन चोरी न्हाय केली." डब्याबरोबर एवढंच दिलं तिनं.

तिला कसली काळजी होती ते सांगते. मी कॉलेजात असताना खाडीच्या तोंडाशी गोडाऊनसाठी भराव पडू लागला. पाणी अडलं असतं तर आमची भातशेती बुडाली असती. आळीतल्या बाया डंपरपुढे बसल्या, मीही आईशेजारी बसले. सगळ्यांना अटक झाली, संध्याकाळी जामीन मिळाला, पुढे खटलाही मागे घेतला गेला. आणि आता मला लांब पूर्व किनाऱ्यावर, रॉकेट उडवतात त्या केंद्रात नोकरी लागली होती. तिथं सुरक्षा मंजुरीशिवाय आत काम करता येत नाही आणि अर्जातच विचारतात, कधी अटक झाली होती का? काल्हेरच्या गोडाऊनवर सुपरवायझर असलेला दामूकाका म्हणाला, "न्हाय लिव आन मोकली हो. कोन बघतंय?" मी 'होय' लिहिलं.

प्रशिक्षण चालू असताना सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलं आणि हिंदीत विचारलं, "तुम्ही म्हणता अटक झाली. चौकशीला गेलेल्या हवालदाराला मात्र गावात सगळे म्हणाले, ही मुलगी पोलीस स्टेशनची पायरीही चढलेली नाही. खरं कुणाचं?"

हवालदार आला त्या दिवशी आई गणेशपुरीला मावशीकडे गेली होती, आणि माझी नोकरी वाचवायची म्हणून अख्ख्या आळीनं एका सुरात थाप मारली होती! शेजारच्या जनाकाकूनं तर म्हणे देवाची शपथ घेतली. यांच्या मायेपायीच आता माझी नोकरी जाणार होती. मी रडत आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "उद्या जातो आमी."

पुढचं जनाकाकूनंच सांगितलं. त्या अटकेनंतर या बायांनी पोलीस स्टेशनसमोरून जाणंसुद्धा टाकलं होतं. बाजाराला जाताना वळसा घ्यायच्या. त्या सगळ्या आईमागून सरळ आत शिरल्या. जनाकाकू पुढे होऊन म्हणाली, "साहेब, त्या दिशी आमी खोटं बोललो. हिच्या पोरीला धरली व्हती. आमाला बी धरली व्हती. लिवून घ्या." साहेबांनी कागद मागवला. मग एकेकीचा जबाब झाला. जिला सही येत नव्हती तिनं अंगठा दिला.

मंजुरी आली. पहिलं उड्डाण पाहिलं तेव्हा पायाखालची जमीन हादरली, आवाज छातीत घुसला, आगीचा लोळ ढगांच्या वर गेला. माणसानं हे केलं यावर विश्वासच बसेना. तरी खरं सांगू? भिवंडीत त्या बाया पायरी चढून गेल्या, ते मला याहून मोठं वाटतं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आता अंजूरला गेले की गोडाऊनांच्या रांगांमधून आमची आळी शोधावी लागते. इथं क्वार्टर आहे, सांबार जमतं, कॅन्टीनमध्ये तोडकंमोडकं तेलुगूही बोलते. पण घर कुठं, असं कुणी विचारलं की जनाकाकूचा फोन आठवतो.

"बाय, परत चौकशीला आले तं काय सांगू?"

"खरंच सांग, काकू."

"बरं. तुज्यासाठी खरं बी, खोटं बी, दोनी येतं आमाला."