सोहारच्या गोदामात अडकलेलं मशीन

चिप बनवायच्या कामाचं एक मशीन ओमानमधल्या आमच्या सोहारच्या गोदामात येऊन अडकलं. ते जिथे बनलं त्या देशाचा नियम कडक. प्रतिस्पर्धी देशाच्या हाती ते पडता कामा नये, आडवाटेनेसुद्धा नाही. खरेदीदाराचा पत्ता होता ओमानमधल्याच इब्री गावचा. मी खात्री करायला गेले, तर तिथे गाद्या-उश्यांचं दुकान! मी लगेच मशीनवाल्यांना कळवलं. कस्टमवाल्यांनी येऊन खोक्याला सील चिकटवलं आणि वर ताकीद दिली की तपासणीला मशीनवाल्यांच्या देशाचा माणूस येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

सील हललेलं दिसलं असतं, तर आमची कंपनी काळ्या यादीत गेली असती. असले नियम सांभाळायचं काम माझं, म्हणजे पहिली गच्छंती माझी. नवराही याच कंपनीत. लेक दहावीला. वर्षाच्या मध्यात बिऱ्हाड उचलून पुण्याला जायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्यात दुसऱ्याच दिवशी दसरा. गोदाम सांभाळणारे काका गुहागरकडचे. दर दसऱ्याला ते फोर्कलिफ्टला, वजनकाट्याला, अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, गाडीलाही कुंकू लावतात. अर्बाबही कौतुकाने पेढा खातो. मी ऑफिसात पोचले तर खोक्यावर झेंडू, आणि झाकणावरून सीलवर, तिथून खाली खोक्याच्या फळीवर, ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढलेली!

"काका! हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"हात कुठं लावला मॅडम? नुसती बोटं लावली. सगळ्या मशिनींची पूजा करायची आणि हिलाच तशी ठेवायची? बरं दिसतं का ते?"

मी एवढी भडकले की शेजारच्या गोदामातले लोक डोकावून गेले. पुसावं तर सीलच निघायची भीती. अर्बाब "इन्शाल्ला, सगळं ठीक होईल" म्हणून कॉफी पीत बसला. मला त्या कॉफीचाही राग आला.

दिवाळी झाल्यावर तपासणीला एक उंच, गंभीर बाई आल्या. त्यांनी कुंकवाकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष सीलच्या कोपऱ्याकडे गेलं. उकाड्याने तो सुटून वर वळला होता.

"हे उघडून परत चिकटवलेलं दिसतंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मग त्यांनी टॉर्च जवळ नेला आणि हा लाल रंग कसला, कधी लावला, असं विचारलं. काकांनी मोबाइलवर दसऱ्याचा फोटो दाखवला. अख्खा स्टाफ खोक्यासमोर दात काढून उभा, आणि मागे ती पाच बोटं. बाई एकदा फोटो बघत, एकदा खोकं. झाकण, सील, फळी, कुठेही रेघ तुटलेली नव्हती की सरकलेली नव्हती. सील काढून परत लावलं असतं, तर त्या रेघा इतक्या नेमक्या जुळल्या नसत्या.

"उघडलेलं नाही. गोंदच सुटलाय," त्या शेवटी म्हणाल्या, आणि मशीन बनवणाऱ्यांकडे परत पाठवायचं ठरलं.

अर्बाब खूश. "यल्ला, चलो! अब से हर डिब्बे पे लगाओ!"

"नहीं अर्बाब," काका म्हणाले. "वो दसरे को ही लगेगा."

त्या क्षणी मला काकांचा इतका अभिमान वाटला, की अर्बाबपुढे मीही ठामपणे मान हलवली.

मग बाहेर येऊन लेकीला फोन केला. "आपण कुठेही जात नाही आहोत. सगळं नीट झालं."

"म्हणजे आई, मंडेची मॅथ्सची टेस्ट... मला द्यावी लागणार?"

"द्यावीच लागणार!"

"ओह नो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि मी भर उन्हात, गोदामाच्या दारात उभी राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.