धुतलेली बंडी

अपघातात मदत करणाऱ्याला आता पोलीस छळू शकत नाहीत, तसा कायदा झालाय, असं नातवाने वाचून दाखवलं. मी सदरा काढून त्याला पाठ दाखवली. फार उशीर केला लेकाच्यांनी.

सन ऐंशीच्या आधीची गोष्ट. धानकापणीचे दिवस होते. सानगडीच्या बाजारात बांधाच्या वादावरून दोन चुलतभावांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या खांद्यात कुऱ्हाड घातली. मारणारा पळाला, बघणारे त्याच्याही आधी पांगले. पडलेल्याचं हाड उघडं दिसत होतं. मी त्या खाचेत दुपट्टा कोंबला, त्याला माझ्या बैलबंडीत टाकलं आणि बैलांना मार मार मारत साकोलीचा दवाखाना गाठला. वाटभर तो एकच म्हणत होता, "थांबू नको गा."

परतताना मी तळ्यावर बंडी घासून धुतली. सकाळी तिच्यातूनच धानाचे भारे खळ्यावर न्यायचे होते. आमच्याकडे कोणीही हेच केलं असतं.

"बंडी काहून धुतली बे?" दुसऱ्या दिवशी मला ठाण्यात नेऊन पोलीस जमादाराने विचारलं.

"साहेब, रगताच्या बंडीत लक्ष्मी कशी ठेवू?"

त्याने तोंडावर लाथ घातली. बंडीत माझा विळा होता, तोही धुतलेला. मग काय, पुरावा नष्ट केला म्हणून चार दिवस त्यांनी मला पट्ट्याने सोललं. दोन दात तिथेच राहिले. पाचव्या दिवशी जखमी शुद्धीवर आला, त्याने भावाचं नाव सांगितलं, तेव्हा मला "निघ" म्हणाले. माझी पाठ बघायला सारा गाव लोटला होता.

पुढे काही वर्षांनी माझ्या धाकट्या भावाला महामार्गावर ट्रकने उडवलं. मांडी चिरडलेल्या अवस्थेत तो दुपारभर मोरीजवळ पडून होता. आमच्याच गावच्या बंड्या त्याच्या बाजूने गेल्या, त्यात माझ्या शेजाऱ्याचीही होती. संध्याकाळी मला कळलं, मी धावत पोचलो, तोवर तो गार झाला होता.

मी शेजाऱ्याला घरातून ओढून काढलं आणि रक्त येईस्तोवर बुकललं. त्याने हात उचलला नाही.

"दिसला होता गा मले. हाका मारून राहिला होता," तो रडत म्हणाला. "पण तुही पाठ आठवली."

मी त्याला सोडून दिलं. भावाच्या जागी परका कोणी असता, तर मीही बंडी पुढे हाकलीच असती.